नाव वगळून

त्याचं नाव मी सांगणार नाही.
कायदाच आहे तसा, आणि तीस वर्षं
मी कायद्याचाच पगार खातो आहे.
एवढं सांगतो : डाव्या भुवईत खोक,
आणि सांगलीच्या बाल न्याय मंडळासमोर खुर्चीत बसवला
तेव्हा त्याचे पाय फरशीला टेकत नव्हते.

मंच नव्हता तिथे. पिंजरा नव्हता.
त्याला घेऊन आलेला हवालदार साध्या शर्टात,
पायात मात्र खात्याचे तांबडे बूट.
पोरं बरोबर बुटांकडेच बघतात.

मिरजेच्या एका कारखान्यात
लावून ठेवलेल्या चार सतारींच्या तारा
त्यानं उपसून काढल्या होत्या,
पितळ म्हणून, किलोवर विकायला.
आले बेचाळीस रुपये.
मालक म्हणाला, पितळ जाऊ द्या हो,
मी चार दिवस सूर लावत बसलो होतो.

आमच्या कपाटाच्या तळाशी एक जुनी वही होती,
शाई तपकिरी पडलेली. नावापुढे वय, अजमासे.
त्यापुढे नुसतं : फटके सहा.
पुढच्या वहीत फटके गेले, रिमांड आला.
आई मेलेलं, घरून पळालेलं, चोरी केलेलं,
सगळं एका पंगतीला, एका कुलपात.
मग कधीतरी दोन वह्या झाल्या.
शहाऐंशी साली मुलगा सोळाव्या वर्षी मोठा व्हायचा.
दोन हजार साली त्याला आणखी दोन वर्षं मिळाली,
आणि पंधरा साली, गुन्हा अघोर असेल तर,
मंडळ त्या दोन वर्षांकडे पुन्हा निरखून बघू लागलं.
'बाल गुन्हेगार' हा शिक्का मी स्वतः मोडीत काढला,
गणपती पेठेतून नवा करून आणला :
'विधिसंघर्षग्रस्त बालक'.
इतका लांब, की चौकटीबाहेर जायचा.
पोरं विचारायची, म्हणजे काय ओ?
मी म्हणायचो, म्हणजे अजून काही ठरलेलं नाही.

मुदत संपली की फाईल नष्ट करायची.
कायद्याला विसरायचं असतं
पण त्याला हात नसतात, म्हणून माझे.
फाडायचं, बादलीत भिजवायचं, लगदा करायचा.
एकोणीसच्या पुरात खालचे दोन कप्पे
कृष्णेनं आमच्याआधीच विसरून टाकले.
पंचनाम्यात मी लिहिलं : अभिलेख, ओले, सुमारे तीनशे.

परवा हळदीचे सौदे चालू असताना तो आला.
मिशा. नखांत पिवळं. यार्डात तोलाईला आहे म्हणाला.
भुवईवरून ओळखला.
असे बरेच येतात, भरतीआधी, पासपोर्टाआधी,
मागे काही उरलं नाही ना, बघायला.
सवयीनं बोलून गेलो : काही शिल्लक नाही, निश्चिंत जा.

तो उभाच.
"त्यात आईचं लिवलं व्हतं, सायेब.
त्या चौकशीच्या बाई घरला आल्त्या न्हवं का.
आई गेली आता. फोटू न्हाई तिचा एक बी.
काय लिवलं व्हतं, तेवढं गावंल का?"

सामाजिक तपासणी अहवाल, पान तीन.
टंकला मीच.
गेल्या एप्रिलात बादलीत बुडवला तोही मीच.

कलमं मला पाठ आहेत.
माझ्या डोक्यात काय राहतं
याबद्दल त्यांत काही नाही, निदान मला तरी सापडलं नाही.
दार लोटलं, आणि सांगितलं :

घर एक खोली, पत्र्याची, रुळांलगत.
आई धुणीभांडी करते. दमा.
मुलाविषयी विचारता म्हणाली,
अंधारात झोपत नाही तो,
तिथं रात्री दिवा ठेवतात का, तेवढं विचारा.

"न्हवते ठेवत," तो म्हणाला.
बाहेर कुणीतरी माझ्या सहीसाठी खोळंबलं होतं.

"परत एकदा सांगा," म्हणाला.